परदेशातली माहिती आणि पुरावा कसा मागवायचा? नव्या तपास अधिकाऱ्यासाठी वाटाड्या

फिर्यादी कोथरूडचा, पैसे गेले दुबईच्या खात्यात, फसवणारा बोलत होता कंबोडियातून आणि ज्या ॲपवर बोलला त्याचा सर्व्हर अमेरिकेत. सायबर पोलीस ठाण्यात असा गुन्हा आता नवलाचा राहिलेला नाही. नवा असतो तो तपास अधिकारी. गुन्हा नोंदवून होतो, जबाब होतो, बँकेला पत्र जातं आणि मग केस डायरीवर वरिष्ठांचा शेरा येतो: परदेशातील माहिती मागवावी. कोणाकडून मागवायची, कुठल्या कागदाने आणि आलीच तर ती न्यायालयात टिकेल का, हे त्या शेऱ्यात नसतं.

हा लेख त्या शेऱ्यापुढचा आहे. नव्याने तपासावर आलेल्या पोलीस अधिकाऱ्यांसाठी तो मुख्यतः लिहिला आहे. फौजदारी वकिली सुरू करणाऱ्यांना आणि क्राइम रिपोर्टरांनाही त्याचा उपयोग होईल, कारण ‘आता इंटरपोल अटक करणार’ छापाच्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत.

पायरी १: माहिती हवी की पुरावा, ते आधी ठरवा

सगळा घोळ इथे होतो. परदेशाकडून काही मिळवायचे दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत.

पहिला रस्ता पोलिसांकडून पोलिसांकडे जाणारा. इंटरपोल, दिल्लीतल्या परदेशी दूतावासांमध्ये बसणारे तिथल्या तपास यंत्रणांचे संपर्क अधिकारी, आर्थिक गुप्तवार्ता कक्षांचं जाळं, हे सगळं यात येतं. हा रस्ता तुलनेने लवकर चालतो. आरोपी त्या देशात आहे का, त्याचा पासपोर्ट खरा आहे का, ही कंपनी खरोखर नोंदलेली आहे का, असल्या प्रश्नांची उत्तरं इथून मिळतात. पण मिळतं ते तपासाला दिशा देण्यापुरतं. ते उत्तर दोषारोपपत्राला जोडून ‘हा घ्या पुरावा’ म्हणता येत नाही.

दुसरा रस्ता सरकारकडून सरकारकडे किंवा न्यायालयाकडून न्यायालयाकडे जातो. परस्पर कायदेशीर सहाय्याची विनंती आणि न्यायालयाचं विनंतीपत्र हे त्याचे दोन प्रकार. पोलीस ठाण्याच्या बोलीत पहिल्याला एमलॅट म्हणतात, दुसऱ्याला एलआर. इथे महिने जातात, कधी वर्षं. पण बँकेचे प्रमाणित उतारे, साक्षीदाराचा नोंदवलेला जबाब, जप्त केलेला मुद्देमाल हे पुरावा म्हणून याच रस्त्याने येतं.

चांगल्या तपासात दोन्ही रस्ते एकामागोमाग वापरले जातात. खातं कुठल्या बँकेत, कुठल्या शाखेत, कोणाच्या नावावर हे पहिल्या रस्त्याने कळतं आणि मग नेमका तोच कागद दुसऱ्या रस्त्याने मागता येतो. एकदम दुसऱ्या रस्त्याला लागलात तर विनंती मोघम होते आणि मोघम विनंती परत येते.

पायरी २: पहिल्या काही तासांत थांबवा, मागणी नंतर

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ऑगस्ट २०१८ चा सायबर हल्ला आठवा. ११ तारखेला, शनिवारी, बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. एटीएममधून निघालेल्या नोटांचा माग परदेशात काढणं जवळपास अशक्य होतं. हाँगकाँगच्या खात्यातली काही रक्कम मात्र गोठवली गेली आणि पुढे परतही आली. देशातल्या साखळीतल्या ११ जणांना पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दोषी ठरवलं.

नवख्याने यातून एवढं घ्यावं की खात्यात पडून असलेला पैसा थांबवता येतो, आणि त्यासाठी विनंतीपत्राची वाट पाहायची नसते. देशातल्या देशात १९३० ही हेल्पलाइन आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहेच. पैसा बाहेर गेला असेल तर तीन दारं एकाच वेळी ठोठवा. पाठवणाऱ्या बँकेला समोरच्या बँकेकडे रक्कम परत मागण्याचा संदेश त्याच दिवशी पाठवायला लावा. सीबीआयमार्फत इंटरपोलच्या आय-ग्रिप या पेमेंट रोखण्याच्या यंत्रणेकडे विनंती द्या. रक्कम मोठी असेल आणि मनी लाँडरिंगचा संशय असेल तर भारताच्या आर्थिक गुप्तवार्ता कक्षाला कळवा. हा कक्ष २००७ पासून एग्माँट गटाचा, म्हणजे देशोदेशीच्या अशा कक्षांच्या गटाचा, सदस्य आहे आणि तिथल्या सुरक्षित जाळ्यावरून समोरच्या देशाच्या कक्षाशी थेट बोलू शकतो.

पैशाइतकाच डेटाही नाशवंत. कंपन्या लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, कायम ठेवत नाहीत. म्हणून माहिती मागण्याआधी ती जपून ठेवण्याची विनंती पाठवायची. अमेरिकी कायद्यानुसार अशी विनंती मिळाल्यावर कंपनीला उपलब्ध डेटा ९० दिवस जपावा लागतो आणि विनंतीचं नूतनीकरण केलं तर आणखी ९० दिवस. बऱ्याच मोठ्या कंपन्या ही विनंती आपल्या पोर्टलवर थेट घेतात. जिथे पोर्टल नाही तिथे सीबीआयकडे असलेल्या चोवीस तास संपर्क जाळ्यातून ती पाठवता येते. ९० दिवस पुरे होण्याची तारीख टेबलावरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा. एलआरचा मसुदा तयार होईपर्यंत ती उलटून गेलेली असते आणि मग उत्तर येतं: नोंदी उपलब्ध नाहीत.

पायरी ३: कंपनी स्वतः जे देते ते तिच्याकडूनच घ्या

खातं कोणी उघडलं, कुठला ईमेल, कुठला मोबाइल क्रमांक, कुठल्या आयपी पत्त्यांवरून लॉगिन झालं, एवढी माहिती अनेक अमेरिकी कंपन्या भारतीय पोलिसांच्या रीतसर नोटिशीवर देतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस, गुन्ह्याचा क्रमांक, कलमं आणि अधिकृत सरकारी ईमेल, हे किमान लागतं. खासगी जीमेलवरून पाठवलेली नोटीस उघडलीही जात नाही आणि त्यात कंपनीचं काही चुकत नाही. उद्या कोणीही ‘पीएसआय अमुक’ नावाने ईमेल काढेल.

नोटीस नेमकी लिहा. ‘सदर इसमाबाबत उपलब्ध सर्व माहिती पुरवावी’ हे वाक्य आपल्या पत्रव्यवहारात इतकं रुळलं आहे की हात आपोआप तिकडे जातो. परदेशी कंपनीचा वकील हेच वाक्य वाचून विनंती नाकारतो. खात्याचा दुवा, कालावधी, कुठल्या प्रकारची नोंद आणि तिचा गुन्ह्याशी संबंध, हे चार मुद्दे एकेका ओळीत बसतात. खातेदाराला कळवू नये असं वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण काही कंपन्या एरवी त्याला कळवतात.

संदेशांचा मजकूर, ईमेलमधलं पत्र, क्लाउडमधले फोटो मात्र असे मिळत नाहीत. अमेरिकेत त्यासाठी तिथल्या न्यायालयाचं वॉरंट लागतं आणि ते मिळवायला एमलॅटशिवाय मार्ग नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या अमेरिकी क्लाउड कायद्याखाली स्वतंत्र करार करून ही वाट जवळ केली. भारताचा तसा करार नाही. बुडापेस्ट सायबर गुन्हे करारातही भारत सहभागी नाही. एकाच अपवादात कंपन्या मजकूरसुद्धा स्वेच्छेने देऊ शकतात: कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल तेव्हा. अपहरण, आत्महत्येची धमकी, लहान मुलाचं चालू असलेलं शोषण. त्यासाठी वेगळा आपत्कालीन अर्ज असतो. तो साध्या फसवणुकीसाठी वापरून पाहू नका. एकदा विश्वास गेला की खरी वेळ आल्यावर तुमच्याच घटकाचा अर्ज संशयाने पाहिला जातो.

आलेला तक्ता वाचताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. बहुतेक लॉग यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. लॉगमध्ये ३ तारखेची रात्रीची ८ वाजताची नोंद असेल तर ती आपल्याकडची ४ तारखेची पहाटे दीडची. हा फरक न धरता मोबाइल कंपनीकडून आयपीचा वापरकर्ता मागवला की भलत्याच घराची बेल वाजते. शिवाय अमेरिकी पद्धतीत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, म्हणजे ०५/०८ हा ८ मे असू शकतो. आणि मोबाइल नेटवर्कवर एकच आयपी एकाच वेळी शेकडो लोक वापरत असतात, तेव्हा पोर्ट क्रमांकाशिवाय त्या पत्त्याला अर्थ नाही. कंपनीकडून तोही मागा.

पायरी ४: इंटरपोलकडे जायचं ते सीबीआयमार्फत

इंटरपोलचं मुख्यालय फ्रान्समध्ये लिऑनला आहे, सदस्य देश १९६, भारत १९४९ पासून सदस्य. सिनेमात दिसतात तसे इंटरपोलचे स्वतःचे बंदूकधारी अधिकारी कोणाला पकडायला फिरत नाहीत. ती देशोदेशीच्या पोलिसांना जोडणारी यंत्रणा आहे. प्रत्येक देशात तिचं एक राष्ट्रीय केंद्रीय कार्यालय असतं. भारतात ते काम सीबीआय करते.

म्हणजे ठाणेदाराने लिऑनला ईमेल पाठवायचा नसतो. पूर्वी घटक प्रमुखांचं पत्र राज्याच्या इंटरपोल संपर्क अधिकाऱ्याकडे, तिथून सीबीआयकडे, सगळं टपाल, फॅक्स आणि ईमेलवर चालायचं. ७ जानेवारी २०२५ ला ‘भारतपोल’ पोर्टल सुरू झालं आणि राज्याचे संपर्क अधिकारी, जिल्हा आणि आयुक्तालय पातळीवरचे घटक अधिकारी आणि सीबीआय एकाच ठिकाणी जोडले गेले. लॉगिन घटकाकडे असतं, प्रत्येक तपास अधिकाऱ्याकडे नाही. आपल्या घटकात ते कोण हाताळतं हे बदलीवर रुजू झालात त्याच आठवड्यात विचारून ठेवा. परदेशी पत्त्याची पडताळणी, पासपोर्टची खातरजमा, तिथल्या गुन्हेगारी नोंदी, कंपनीचे तपशील यासाठी इथून संदर्भ पाठवता येतो.

आता नोटिसांबद्दल. यावर सर्वांत जास्त चुकीचं छापून येतं.

लाल नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नव्हे. ‘हा माणूस आम्हाला हवा आहे, सापडला तर प्रत्यार्पण होईपर्यंत ताब्यात ठेवा’ अशी ती विनंती. ती मानायची की नाही हे त्या देशाचा कायदा ठरवतो. तिच्यासाठी आपल्या न्यायालयाचं अटक वॉरंट आधी हवं आणि गुन्हा किमान २ वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र असावा लागतो. निळी नोटीस माणसाची ओळख, ठावठिकाणा, हालचाली यांच्या माहितीसाठी असते. पिवळी हरवलेल्यांसाठी, काळी अनोळखी मृतदेहांसाठी. रुपेरी नोटीस २०२५ पासून प्रायोगिक स्वरूपात आली आहे, ती गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेचा माग काढण्यासाठी. आर्थिक गुन्हे शाखेत असाल तर तिच्याकडे लक्ष असू द्या.

लूकआउट सर्क्युलर ही पूर्णपणे वेगळी चीज. ते आपल्याच इमिग्रेशन विभागासाठी असतं आणि आपल्याच विमानतळांवर चालतं. आरोपी दुबईत पोहोचल्यावर काढलेलं लूकआउट त्याला तिथे अडवणार नाही, तो परत येईल तेव्हा अडवेल.

इंटरपोलच्या घटनेच्या अनुच्छेद ३ नुसार राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत ती संस्था हात घालत नाही. संबंधित व्यक्तीला इंटरपोलच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे दाद मागता येते आणि नोटीस मागेही घेतली जाते. पंजाब नॅशनल बँक प्रकरणातला आरोपी मेहुल चोक्सी याच्याविरुद्धची लाल नोटीस अशीच काढून टाकली गेली. तरीही भारताच्या प्रत्यार्पण विनंतीवर एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्याला अटक झाली. नोटीस गेली म्हणजे सगळं संपलं असं समजून फाइल कपाटात टाकणाऱ्यांनी हे प्रकरण ध्यानात ठेवावं.

पायरी ५: विनंतीपत्राचा मसुदा

हे काम किचकट आहे आणि इथेच तपास घडतो किंवा बिघडतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

कायद्याचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ११२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १६६-अ तेच. तपास अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने अर्ज केला की फौजदारी न्यायालय परदेशातल्या न्यायालयाला किंवा प्राधिकरणाला विनंतीपत्र देऊ शकतं. त्यावर तिथे नोंदवलेला जबाब आणि मिळालेला दस्तऐवज हा तपासात गोळा केलेला पुरावा मानला जातो. मनी लाँडरिंगच्या प्रकरणात त्या कायद्याचं कलम ५७ लागतं, पण ते काम ईडीचं.

नवखा अधिकारी थेट न्यायालयात अर्ज घेऊन जातो आणि तिथेच फसतो. केंद्रीय गृह मंत्रालय हे या कामाचं केंद्रीय प्राधिकरण आहे आणि मंत्रालयाची पूर्वसंमती घेतल्याशिवाय न्यायालयाकडे जायचं नाही, असं त्याच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. या सूचना आधी २००७ मध्ये आल्या, २०१९ मध्ये सुधारल्या. ठाण्यातून घटक प्रमुखांकडे, अभियोग संचालनालयाचा अभिप्राय, राज्याच्या वरिष्ठ कार्यालयातून गृह मंत्रालय, संमती आली की न्यायालय, न्यायालयाचं पत्र पुन्हा मंत्रालयाकडे आणि तिथून परदेशात, असा हा प्रवास. ज्या देशाशी करार आहे तिथे न्यायालयाशिवाय, मंत्रालयाकडूनच परस्पर कायदेशीर सहाय्याची विनंती जाऊ शकते. भारताचे असे करार चाळीसहून अधिक देशांशी आहेत. करार नसेल तरी मार्ग बंद होत नाही: ‘उद्या तुमच्या प्रकरणात आम्हीही असंच सहाय्य करू’ अशी हमी देऊन विनंती पाठवता येते, किंवा संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारी आणि भ्रष्टाचारविरोधी करारांचा आधार घेता येतो. हे दोन्ही करार भारताने २०११ मध्ये मंजूर केले.

मसुदा लिहिताना डोळ्यांसमोर वाचणारा आणा. टोरँटोतला किंवा झुरिकमधला एक सरकारी वकील. त्याला पंचनामा ठाऊक नाही, घटक प्रमुख ठाऊक नाही आणि भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) म्हटलं तर काहीच बोध होत नाही. त्याच्यासाठी:

– गुन्ह्याची हकीकत तारखांच्या क्रमाने, दीड-दोन पानांत लिहा. फिर्याद जशीच्या तशी भाषांतरित करून चिकटवू नका. आपल्या फिर्यादीत जी लांबलचक वाक्यं असतात ती इंग्रजीत आणखी लांबतात.
– कलमाचा पूर्ण मजकूर आणि कमाल शिक्षा द्या. हे कृत्य त्यांच्याकडेही गुन्हा आहे का, हे तपासण्यासाठी त्याला ते लागतं. गुन्हा नुसत्या नावावरून जुळत नाही, कृत्यावरून जुळतो, म्हणून आरोपीने नेमकं काय केलं ते लिहा.
– मागितलेल्या प्रत्येक गोष्टीचा हकीकतीशी धागा दाखवा. ‘या खात्यात अमुक तारखेला फिर्यादीचे पैसे गेले, म्हणून या खात्याचे अमुक ते अमुक काळातले उतारे हवेत’. हा धागा तुटला की विनंतीला नुसतं गळ टाकून बसणं म्हणतात आणि ती नाकारतात.
– साक्षीदाराला विचारायचे प्रश्न क्रमांक घालून द्या. तिथला अधिकारी तेवढेच विचारेल. उत्तर ऐकून उपप्रश्न काढणारा तिथे कोणी नसेल, म्हणून ‘उत्तर होय असेल तर’ अशी शाखाही तुम्हीच लिहा.
– दस्तऐवज कसे प्रमाणित करून हवेत ते सांगा आणि प्रमाणपत्राचा नमुना जोडा. इलेक्ट्रॉनिक नोंदींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) येतं. हे तिकडच्या माणसाला आपोआप सुचणार नाही.
– गोपनीयता हवी असेल तर का हवी ते लिहा. तातडी असेल तर तिचं कारण तारखेसह.

रक्कम लिहिताना लाख-कोटी लिहू नका. ९४ कोटी म्हणजे ९४० दशलक्ष, तेच लिहा, आणि शेजारी त्या देशाच्या चलनातला अंदाज. नावांची स्पेलिंग पासपोर्टवर आहेत तशीच हवीत. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव फिर्यादीत कुळकर्णी, आधारवर कुलकर्णी आणि बँकेत केवळ आद्याक्षरं असं असतं. परदेशातल्या बँकेच्या संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. सगळ्या स्पेलिंगची यादी द्या, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक द्या.

भाषांतर प्रमाणित हवं आणि जिथली भाषा इंग्रजी नाही तिथे त्या भाषेतलंही. थायलंडला इंग्रजी पत्र पाठवून वाट पाहण्यात अर्थ नाही. दोन्ही प्रती नीट ताडून पाहा. आकडे आणि खाते क्रमांक भाषांतरात हमखास चुकतात.

प्रकरणात फाशीची शिक्षा शक्य असेल तर आधी मंत्रालयाशी बोला. युरोपातले देश त्याबद्दल हमी मागतात आणि ती देण्याचा अधिकार ना तपास अधिकाऱ्याचा ना सरकारी वकिलाचा.

पायरी ६: जे मिळालं ते कशासाठी वापरता येईल?

ज्या गुन्ह्यासाठी मागितलं त्याच गुन्ह्यात वापरायचं, हा या व्यवहाराचा पाया. स्विस बँकेचे उतारे फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी आले आणि तुम्ही ते परस्पर प्राप्तिकर विभागाला दिले, तर पुढच्या वेळी तिथून काही येणार नाही. दुसऱ्या गुन्ह्यात वापर करायचा असेल तर पुन्हा परवानगी मागावी लागते. एग्माँट जाळ्यातून आलेली माहिती तर पाठवणाऱ्या देशाच्या संमतीशिवाय पुढे कोणाला द्यायचीही नसते, न्यायालयात दाखल करणं दूरच.

हीच शिस्त प्रत्यार्पणात मोडली की काय होतं ते अबू सालेमच्या खटल्यात दिसलं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला हा आरोपी पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये हमी घेऊन भारताच्या ताब्यात दिला. नंतर हमीत न बसणारी वाढीव कलमं लावली गेली, तेव्हा लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. शेवटी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ती वाढीव कलमं मागे घ्यावी लागली. परदेशाला दिलेला शब्द ठाण्यातल्या उत्साही अधिकाऱ्यालाही बांधून ठेवतो.

आणि शॉर्टकट घेऊ नका. परदेशातल्या साक्षीदाराला व्हॉट्सॲप कॉल करून जबाब लिहून घेणं, ओळखीच्या नातेवाइकाला तिथल्या बँकेत चौकशीला पाठवणं, रजा टाकून स्वतःच दुबईला जाऊन येणं, हे सगळं करून पाहणारे भेटतात. दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्यांच्या परवानगीशिवाय तपास करणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो. इथे बचाव पक्षाला आयतं हत्यार मिळतं ते निराळंच.

साक्षीदार रीतसर उपलब्ध असेल तर व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्याच प्रकरणात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष अशी घ्यायला मान्यता दिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेतल्या कोठडीतून मुंबईच्या न्यायालयात माफीचा साक्षीदार म्हणून साक्ष दिली ती याच पद्धतीने. २६/११ च्या मूळ खटल्यात एफबीआयचे लोक मुंबईत येऊन साक्ष देऊन गेले होते. इतकं सहकार्य रोजच्या फसवणुकीच्या गुन्ह्यात अपेक्षू नका, पण कागद नीट असेल तर एका बँक अधिकाऱ्याची साक्ष मिळवणं अशक्य नाही.

पायरी ७: उत्तर येईपर्यंतची घड्याळं

विनंतीपत्र गेलं म्हणून इथली मुदत थांबत नाही. आरोपी कोठडीत असेल तर संहितेच्या कलम १८७ नुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र द्यावंच लागतं, नाहीतर तो हक्काने जामिनावर सुटतो. तेव्हा देशात जे हाताशी आहे त्यावर दोषारोपपत्र उभं करा आणि विनंतीपत्र प्रलंबित असल्याचं त्यात नोंदवा. परदेशातला पुरावा आल्यावर कलम १९३(९) खाली पुढील तपासाचा पुरवणी अहवाल देता येतो. खटला सुरू झाला असेल तर त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि ९० दिवसांची मुदत असते. ती न्यायालय वाढवू शकतं, पण मागावी लागते. स्मरणपत्रांच्या जावक क्रमांकांसह सगळा पत्रव्यवहार एका वेगळ्या फाइलमध्ये लावा. मुदतवाढ मागताना न्यायाधीश तीच फाइल मागतात, आणि दोन वर्षांनी तुमच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याला दुसरा आधार नसतो.

स्मरणपत्र नुसतं ‘कृपया त्वरित कळवावे’ असं नको. संदर्भ क्रमांक, समोरच्या देशाने दिलेला क्रमांक आणि आता नेमकं काय बाकी आहे ते लिहा. त्यांनी खुलासा मागितला असेल तर तो आठवड्याच्या आत द्या. बऱ्याच विनंत्या नाकारल्या जात नाहीत, खुलाशाची वाट पाहत तिथे पडून राहतात आणि काही काळाने बंद होतात.

पायरी ८: ते मागतात तेव्हा

परदेशातून आलेली विनंती आपल्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११३ खाली केंद्र सरकारमार्फत दंडाधिकाऱ्याकडे किंवा पोलीस अधिकाऱ्याकडे येते. इंटरपोलचे संदर्भ भारतपोलवर येतात. ठाण्यात या कागदाला कोणी फारसं मोजत नाही, कारण त्याचा गुन्हा आपल्या रजिस्टरला नसतो, प्रलंबित गुन्ह्यांच्या आकड्यात तो दिसत नाही आणि मासिक बैठकीत त्याबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या मते तो तुमच्या स्वतःच्या विनंतीइतक्याच तत्परतेने निकाली काढायला हवा. समोरच्या देशातलं जे कार्यालय आपल्याला पत्र पाठवतं, बहुधा तेच आपलं पत्र उघडतं.

शिवाय परदेशातला फिर्यादी आणि आपल्या गल्लीतला आरोपी हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तिथून अमेरिकी करविभागाचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना लुबाडलं जात होतं. फसवलेला एकही माणूस ठाण्यात येऊन फिर्याद देणार नव्हता. बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींचंही तसंच. बेपत्ता आणि शोषित बालकांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेशी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये करार केला आणि तिथले इशारे राज्यांकडे येऊ लागले. महाराष्ट्र सायबरच्या ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’मधले गुन्हे त्यातून उभे राहिले. इशारा म्हणजे आयपी, वेळ, फाइलचा हॅश आणि क्वचित एखादा मोबाइल क्रमांक. त्यावरून घर शोधणं, पंचनामा करून उपकरण जप्त करणं आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल मिळवणं हे काम आपलंच. इशाऱ्यावरची वेळही यूटीसीत असते आणि इथल्या मोबाइल कंपन्याही लॉग ठरावीक काळच ठेवतात, त्यामुळे असा कागद टेबलावर आला की पहिलं पत्र त्याच दिवशी सेवा पुरवठादाराला जायला हवं.